ऊन बिलकुल येत नाही

घर विकायला काढलं की आधी काय दुरुस्त करावं, असं मला अजून ओळखीचे लोक विचारतात. मी आयुष्यात एकच घर विकलं, तेही नव्वदीच्या मध्यावर, फरीदाबादला. पण तेव्हा इतके उद्योग केले की नात्यात मला त्या विषयातली जाणकार समजतात. मी सांगते, नळ गळत असतील तर वॉशर बदला, दारं कुरकुरत असतील तर बिजागऱ्यांना तेल घाला, बल्ब काढून पुसा. एवढं सांगून थांबते. पुढचं सांगायला वेळ लागतो आणि लोकांना उत्तर उभ्याउभ्या हवं असतं.

घर सासऱ्यांनी बांधलेलं. मी त्यांना मामंजी म्हणायचे. राजापूरकडचे, तरुणपणी केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले ते तिकडचेच झाले. फरीदाबादला प्लॉट घेतला तेव्हा समोर गव्हाचं शेत होतं आणि मागे कारखान्याची भिंत. माझं लग्न होईपर्यंत शेत गेलं होतं, भिंत तेवढी राहिली होती. सासूबाई माझ्या मुलीच्या जन्मानंतर लवकरच गेल्या. मग घरात आम्ही चौघं: मामंजी, नवरा, मी आणि मुलगी.

घर साधंच. पुढे बैठकीची खोली, मागे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी. तोंड दक्षिणेला. आणि पुढच्या अंगणावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मामंजींनी घातलेली पडवी. लोखंडी खांब, त्यावर सिमेंटचे उतरते पत्रे, फाटकाकडे इतके खाली आलेले की माझ्या नवऱ्यालाही मान वाकवावी लागे. मामंजींच्या मते पडवी नसलेलं घर म्हणजे बिनसदऱ्याचा माणूस. भिंतींना गिलावा व्हायच्या आधी त्यांनी पत्रे चढवले होते. त्यांच्या गावी पाऊस चार महिने आडवा येतो. फरीदाबादला तो उभाही धड येत नाही, पण घर बांधताना माणूस आपल्या लहानपणीचा पाऊस धरून चालतो.

कॉलनीत कुणालाच ती पडवी आहे हे कळलं नव्हतं. कुणी गॅरेज समजे, कुणी गोदाम. आमच्या दूधवाल्यानं मला एकदा अगदी आदरानं विचारलं होतं, "बहनजी, पहले यहाँ भैंसें बाँधते थे क्या?" मामंजी आतून ऐकत होते. पुढे बरेच दिवस ते त्याच्याकडून दूध घ्यायला स्वतः दारात आले नाहीत.

मुलगीसुद्धा मैत्रिणींना सांगताना शेड म्हणायची. "आजोबा, पडवी म्हणजे शेडच ना?"

"शेड कारखान्याला असते. घराला पडवी."

"अच्छा. पण दिसते सेमच."

घर विकायचं कारण गुडगाव. माझा नवरा ज्या कारखान्यात होता तिथे एकेक विभाग बंद व्हायला लागला होता. त्याच सुमारास गुडगावला परदेशी कंपन्यांची ऑफिसं उघडत होती. रस्ते अर्धे, काचा मात्र पूर्ण लागलेल्या. त्याला तिथे नोकरी मिळाली आणि तो रोज स्कूटरवरून डोंगरातल्या रस्त्यानं जायला लागला. तो रस्ता खाणींचा. खडीनं भरलेले ट्रक आणि थंडीत धुकं. एका सकाळी सांडलेल्या खडीवर स्कूटर घसरली. खांदा निखळला, तो बसवला, पण दुसऱ्या वेळी काय निखळेल हे सांगता येत नव्हतं. घर हलवायचंच असं ठरलं.

फ्लॅट आम्ही त्याआधीच, मे महिन्यात, पाहून ठेवला होता. गुडगावच्या एका नव्या सोसायटीत, तळमजल्यावर. भर दुपारी गेलो होतो. आत पाऊल टाकल्या टाकल्या नवरा म्हणाला, "वा! काय गार आहे!" मामंजींनी भिंतीला हात लावून पाहिला आणि मान डोलावली. तळमजला त्यांच्यासाठीच हवा होता. त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते आणि सोसायटीत लिफ्ट नव्हती. सेक्रेटरी म्हणाले होते, "होली तक रोक सकता हूँ जी. ग्राउंड फ्लोअर की तो लाइन लगी है. बाद में तीसरी मंज़िल मिलेगी."

मामंजींनी त्याच वेळी सांगून टाकलं, "तिसऱ्या मजल्यावर मी येणार नाही. एकदा चढवाल, पण उतरवाल कधी? त्यापेक्षा मी रत्नागिरीला मुलीकडे जातो."

त्यांनी जायला मला नको होतं. प्रेमाबिमाचं सोडा, मुलगी शाळेतून यायची तेव्हा घरात तेच असत. तिचं दार तेच उघडत, तिला गरम पोळी तेच वाढत. मी एका ऑफिसात नोकरी करत होते. आणि चाळीस वर्षं दिल्लीत काढलेल्या माणसाला म्हातारपणी मुलीच्या सासरी पाहुणा म्हणून बसवणं मला काही बरोबर वाटत नव्हतं. म्हणजे होळीच्या आत फरीदाबादचं घर विकायला हवं होतं. दिवाळी नुकतीच झाली होती.

प्रॉपर्टी डीलर हा तेव्हा आमच्या भागात नवाच प्रकार. आमचा डीलर कुणाच्या तरी गॅरेजात काचेचं टेबल आणि फोन मांडून बसायचा. घर पाहायला आला तो पत्र्यावर डोकं आपटूनच आत शिरला. डोकं चोळत म्हणाला, "भाभीजी, फर्श पे मार्बल डलवा लो, छत पे पीओपी, किचन मॉड्युलर. फिर देखना."

"मकान बेचना है, दुल्हन नहीं सजानी," मी म्हटलं.

"और ये तबेला—"

"पडवी!" मामंजी आतून म्हणाले.

"जी, जो भी है. इसका कुछ करो."

मी त्याचं काहीच ऐकलं नाही. माझा हिशेब सरळ होता. घर पाहायला येणारा माणूस सगळं मिळून थोडाच वेळ आत असतो. तो जिथे हात लावणार तेवढंच नवं दिसलं पाहिजे. तो नळ उघडून बघणार, बटण दाबून बघणार, कडी सरकवून बघणार. म्हणून मी नवऱ्याला चावडी बाजारात पाठवून पितळी नळ आणवले. भिंतीवरची काळी गोल बटणं काढून पांढरी चपटी बसवून घेतली. तेवढ्यानं घर दहा वर्षांनी तरुण दिसायला लागलं. जाळीच्या दारांना रंग मी स्वतः दिला. ओट्याखालच्या फडताळात कागद घातले. फरशी सोड्याच्या पाण्यानं आणि काथ्यानं घासून काढली. मोरीतली तुटकी जाळी बदलली. या कामांत डोकं फार लागत नाही, गुडघे लागतात. माझे तेव्हा शाबूत होते.

बैठकीच्या खोलीनं मात्र दमवलं. ती उजळ दिसेच ना. आधी फिका पिवळा रंग होता. त्यावर पांढुरकं डिस्टेंपर दिलं. तरी सकाळी अकरा वाजता खोलीत संध्याकाळ. एक ट्यूबलाइट होती, दुसरी लावली. मग तिसरी. एका कोपऱ्यात ओल येत होती तिथे ओल न येणारा म्हणून विकतात तो महागातला रंग लावला. ओल त्याच्यावरून आली. मग तिथे पुस्तकांचं कपाट सरकवलं. पडदे बदलले, आरसा टांगला. खोली तशीच. मला वाटायचं, खोल्याही माणसांसारख्याच, काही मुळात उदास असतात.

गिऱ्हाइकं यायला लागली ती डिसेंबरात, रविवारी दुपारी. मी प्रत्येकाला फिरवून दाखवायचे. आणि सगळ्यात चांगली गोष्ट पहिल्यांदा सांगावी म्हणून अंगणात शिरतानाच सांगायचे, "देखिए जी, इस मकान की सबसे बड़ी बात, धूप बिलकुल नहीं आती!"

मामंजी पडवीतल्या खुर्चीवरून, गुडघ्याला तेल चोळत, जोड द्यायचे, "और बारिश का एक छींटा भी नहीं!"

आम्ही दोघं एकमेकांकडे समाधानानं बघायचो. गिऱ्हाईक "अच्छा जी" म्हणायचं, आत जायचं, खांद्यावरची शाल घट्ट करायचं, दोन बटणं दाबायचं आणि बाहेर यायचं. मग फाटकाबाहेर रस्त्यावर उभं राहून बराच वेळ बोलायचं, कॉलनीतलं पाणी, वीज, शाळा, सगळं विचारायचं. आणि "सोच के बताएँगे" म्हणून जायचं ते जायचंच. मला याचं नवल वाटे. घरात दोन मिनिटं न थांबणारी माणसं रस्त्यावर अर्धा अर्धा तास कशी उभी राहतात?

खरं तर संक्रांतीला एकदा नीट सांगून झालं होतं. नवऱ्याचा एक आतेभाऊ दरवर्षी पुण्याहून पानिपतला काला अंबला यायचा, स्मारकाला नमस्कार करायला. मुक्कामाला आमच्याकडे. त्या वर्षीही तो पानिपतहून परत आला, बैठकीच्या खोलीत रजई पांघरून बसला आणि म्हणाला, "वहिनी, राग मानू नका, पण पानिपतच्या उघड्या माळावर बरं होतं. इथे जास्त गारठलो."

"तिकडे फिरत होतास, इकडे बसलायस, म्हणून," मामंजी म्हणाले. तो विषय तिथेच संपला.

त्यानंतरच्या रविवारी डीलर एका पंजाबी कुटुंबाला घेऊन आला. लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप असलेला एक माणूस आणि त्याची आई. बाई सत्तरीच्या, पांढरी सलवार-कमीज, अंगावर जाड शाल. मुलगा त्यांना बीजी म्हणत होता. फाटक उघडून मी हसले आणि माझं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "बेटा, यहाँ धूप किधर आती है?"

मला बरंच वाटलं. "बीजी, चिंता ही मत करो. धूप बिलकुल नहीं आती!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नळाला पाणी बिलकुल येत नाही, असं मी छाती पुढे काढून सांगितलं असतं तर ज्या नजरेनं पाहिलं असतं, तसं.

"तो सर्दियों में बैठते कहाँ हो?"

"अंदर. हीटर लगाके."

"हाय रब्बा." त्या मामंजींकडे वळल्या. मामंजींच्या हातात तेलाची वाटी होती. "भाई साहब, घुटने दुखते हैं?"

"दुखते हैं."

"दुखेंगे ही. इतनी ठंड में तो लोहा भी दुखे." त्यांनी मुलाला आत पाठवलं आणि आपण आत न येता बाहेर रस्त्यावर गेल्या.

बाहेर रस्त्याच्या कडेला आमची शेजारीण बसली होती. ती थंडीभर तिथेच असायची. चारपाई रस्त्यावर ओढून, पाय उन्हात सोडून, मटार सोलत नाहीतर स्वेटर विणत. मी ऑफिसला जाता-येता बघायचे आणि मनात म्हणायचे, हिला काही कामधंदा नाही. बीजी तिच्या चारपाईवर जाऊन बसल्या. मुलगा घर पाहून आला तोही तिथे जाऊन उभा राहिला. डीलरही गेला. जाळीच्या दारामागे मी एकटी, तीन ट्यूबलाइटच्या उजेडात, त्या चौघांना उन्हात मटार खाताना बघत होते.

आधीची सगळी गिऱ्हाइकं तिथेच उभी राहिली होती. त्याच तुकड्यावर, एकेक करून. घर बघून ती उबेला बाहेर जात होती. आणि दिवाळीपासून मी त्या खोलीत रंग, दिवे, आरसे लावत होते ते सगळं त्या पत्र्यांशी भांडण होतं. दक्षिणेचं घर, थंडीतलं खाली उतरलेलं ऊन, आणि त्याच्या तोंडावर आम्ही झाकण घालून ठेवलं होतं. कोकणातून आलेल्या माणसाला ऊन हा शत्रू वाटतो. पुण्यातून आलेल्या मलाही ते तसंच वाटत आलं. लग्न होऊन फरीदाबादला इतके हिवाळे काढूनही एकदाही मी उन्हात जाऊन बसले नव्हते. मला वाटायचं, रस्त्यावर काय बसायचं?

रात्री जेवताना मी विषय काढला.

"मामंजी, पडवीचे पत्रे काढायचे का?"

"आणि पाऊस?"

"पाऊस येईल तेव्हा घर आपलं नसेल."

नवरा म्हणाला, "अगं, जरा हळू."

"होळी हळू येणार आहे का?"

मामंजींनी ताटातला हात थांबवला. "पडवी काढून घर विकायचं म्हणजे लोक म्हणतील काय? म्हणतील, उघड्या घरात राहत होते."

"कोण म्हणेल? दूधवाला?"

ते माझ्या जिव्हारी लागेल असं काहीतरी बोलणार असं वाटलं, पण ते एवढंच म्हणाले, "मी गेल्यावर काय ते करा."

"तुम्ही रत्नागिरीला गेल्यावर, की..."

"अगं!" नवऱ्याला ठसका लागला. त्याला पाणी दिलं आणि मी विषय बंद केला.

वाद घालून मामंजी हलणारे नव्हते हे मला माहीत होतं. मी दुसरा मार्ग धरला. दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळी उठून पडवीतल्या भिंतीवर रंगाचा ब्रश फिरवायला घेतला आणि म्हटलं, "मामंजी, वास येईल. जरा फाटकाबाहेर बसता का?"

"रस्त्यावर? मी काय चौकीवरचा शिपाई आहे?"

"थोडा वेळच."

त्यांची खुर्ची मी बाहेर नेऊन ठेवली. ते रस्त्याकडे पाठ करून, टोपी, मफलर, स्वेटर, मोजे अशा सगळ्या साजात, वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले. कुणी ओळखीचं बघणार नाही अशा बेतानं. शेजारणीनं थोड्या वेळानं मटारची परात त्यांच्या पुढ्यात सरकवली. "अंकलजी, हाथ खाली क्यों हैं?"

मी भिंत रंगवत होते आणि मधून मधून बघत होते. पहिल्यांदा मफलर उतरला. मग वर्तमानपत्राची घडी झाली. मग टोपी. दुपारी बघते तर त्यांनी मोजे काढून खुर्चीच्या पाठीवर वाळत घातल्यासारखे टाकले होते आणि धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन दोन्ही गुडघे सूर्याकडे केले होते. शेजारीण सांगत होती की तिच्या जावयाला कॅनडाचा व्हिसा मिळत नाही, आणि मामंजी तिला सरकारी नियम समजावत होते.

"जेवायला चला," मी हाक मारली.

"इथेच दे."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले तेव्हा ते स्वतःच खुर्ची ओढत फाटकाकडे नेत होते. मी फाटक उघडून धरलं. असे काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी चहा घेताना ते म्हणाले, "या बाई रोज अशा बाहेर बसतात?"

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय."

"मग मला कधी सांगितलं नाहीस."

"मला वाटायचं त्यांना काम नसतं."

"मलाही तेच वाटायचं." त्यांनी कप खाली ठेवला, गुडघा वाकवून सरळ केला, पुन्हा वाकवला. "पत्रे काढा. खांब राहू देत. खांबांनी ऊन अडत नाही."

पत्रे रविवारी निघाले. दोन माणसं वर चढली आणि पत्रे एकेक करून खाली आले. जुने, शेवाळलेले, कडांना ठिसूळ झालेले. मामंजी रस्त्यावरून देखरेख करत होते: हा आधी काढा, तो नंतर, अरे सँभालके. शेजारणीनं सगळ्यांना गजक, तिकडची तिळाची चिक्की, वाटली. पत्रे उतरत होते तसं अंगण पांढरं होत गेलं. शेवटचा पत्रा निघाला तेव्हा मी आत बैठकीच्या खोलीत गेले.

ऊन दारातून थेट दिवाणापर्यंत आलं होतं. आणि त्या उन्हात माझं सगळं काम दिसत होतं. भिंतीवर ब्रशचे फराटे. एका जागी रंग दुप्पट, दुसरीकडे आतला पिवळा डोकावतोय. छताच्या कोपऱ्यात कोळिष्टकं, मी काढली अशी माझी खात्री होती ती. आरशावर डाग. ट्यूबलाइटखाली जे छान दिसत होतं ते सगळं पुन्हा करावं लागणार होतं. मुलगी मध्ये उभी राहून खाली बघत होती.

"आई, फरशी ग्रीन आहे!"

खरंच होती. सिमेंटच्या करड्यात हिरव्या खड्यांची नक्षी. इतकी वर्षं मी ती राखाडी समजून पुसत होते. नवरा वाकून बघायला लागला, म्हणाला, "मी इथे लहानाचा मोठा झालो."

"मीच पसंत केली होती," मामंजी दारातून म्हणाले. "दुकानाबाहेर उन्हात ठेवली होती तेव्हा. घरात बसवल्यावर वाटलं, दुकानदारानं दुसरीच दिली. त्याच्याशी भांडलोसुद्धा होतो."

मी भिंतींना आणखी एक हात दिला. यावेळी ऊन असतानाच, म्हणजे काय करतेय ते दिसत होतं. दोन ट्यूबलाइट काढून टाकल्या. कपाट कोपऱ्यातून हलवलं आणि ओल उन्हाला दाखवली. आरसा परत न्हाणीघरात गेला. मग डीलरला फोन करून सांगितलं, बीजींना घेऊन या, दुपारी बाराला, आधी नाही आणि नंतर नाही.

बीजी फाटकातून आत आल्या, वर आकाशाकडे पाहिलं, आणि सरळ मामंजींच्या खुर्चीत बसल्या. मामंजी दुसरी खुर्ची आणायला गेले. बीजींनी मुलाला शेंगदाणे आणायला पिटाळलं. तो घेऊन आल्यावर त्याला सांगितलं, जा, अंदर देख ले. तो गेला. मी त्याच्यामागे जाणार तर मला म्हणाल्या, "तू बैठ. देख लेगा." मी बसले. लग्नानंतर पहिल्यांदा त्या अंगणात उन्हात बसले. पाठ भाजत होती आणि उठावंसं वाटत नव्हतं.

मुलगा बाहेर आला. "बीजी, कोने में सीलन है."

"सूख जाएगी. धूप है." मग खांबांकडे बघत त्यांनी विचारलं, "ये खंभे छोड़ के जाओगे?"

"हाँ जी," मामंजी म्हणाले, थोडे घाबरतच. त्यांना वाटलं, आता हेही काढायला सांगणार.

"अच्छा है. लौकी चढ़ाऊँगी. गर्मी में छाया, और सर्दी आते-आते बेल सूख जाती है."

मामंजी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "दुधी. पत्र्यांच्या जागी दुधीचा वेल. बघ."

मी बघतच होते. नळ एकही कुणी उघडून पाहिला नाही. बटणं मुलानं दाबली असतील तर आतच दाबली असतील. व्यवहार खुर्चीतच ठरला.

होळीच्या आधी गुडगावचा तळमजला आमच्या नावावर झाला. रंग खेळून पोरं घरोघर फिरत होती तेव्हा आम्ही तिथे खोकी उघडत होतो. उन्हाळा झकास गेला. कुलर न लावता चालेल अशी ती घरं नव्हती, पण आमचं त्यातल्या त्यात गार होतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते सांगायचेही. नवरा ऑफिसला चालत जायचा. त्याच्या खांद्याची मला आता आठवणही होत नव्हती.

मग दिवाळी झाली आणि थंडी पडली. आमच्या पुढे चार मजली इमारत, मागे चार मजली इमारत. ऊन यायचं ते समोरच्या तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीपर्यंत, फार तर दुसऱ्या. आमच्या खोलीत सकाळी अकरा वाजता दिवा लावायची वेळ आली. मे महिन्यात भिंतीला हात लावून खूश झालेली माणसं आम्हीच होतो. त्यानंतर फरीदाबादचे पत्रे काढतानाही आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात या फ्लॅटचा विचार आला नव्हता.

मी मामंजींना म्हटलं, "चुकलंच आपलं."

ते खिडकीतून वर बघत होते. "इथे पडवी बिल्डरनंच घालून दिलीय," ते म्हणाले. "तीन मजल्यांची." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले.

तिसऱ्या मजल्यावर ऊन भरपूर होतं, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. पण तिसरा मजला मिळाला असता तर ते रत्नागिरीला असते. मी बाजारात जाऊन नायलॉनच्या पट्ट्यांची घडीची खुर्ची आणली, त्यांना एका हातानं उचलता येईल अशी हलकी. पायरी एकच होती. साडेदहाला ते खुर्ची काखेत मारून निघायचे आणि सोसायटीच्या बागेत जायचे. तिथे चारपाया नव्हत्या, पण बायका होत्या, पराती होत्या, मटार होते. हिवाळाभर आमच्या घरी सोललेले मटार आले. ते कुणाचे होते हे मी विचारलं नाही.

एकदा सुट्टीच्या दिवशी मुलीला त्यांना जेवायला बोलवायला पाठवलं. ती एकटीच परत आली.

"आजोबा म्हणतात, ऊन आहे तोवर नाही येणार."

मी त्यांचं ताट वाढलं, झाकलं, आणि बागेत घेऊन गेले. माझंही.